गावदेव कुठाय?

बाबा इथे आले त्याच्या चौथ्या की पाचव्या दिवशी, सकाळी चहा पिताना, खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "अरे, ह्या गावाचा गावदेव कुठाय?" मी निघायच्या घाईत होतो, एक बूट पायात, एक हातात, लेकीचा डबा अजून ओट्यावर उघडाच. म्हणलं, बाबा इथे चर्च आहेत ना, दर दुसऱ्या चौकात एक, कुठल्याही रविवारी जाऊ. तर म्हणाले, "चर्च नाही विचारत. चर्च नंतर आलं असणार. त्याच्या आधीचा कोण? वेशीवरचा?" मी हसलो आणि पळालो. पण ऑफिसात पोचलो, दोन मीटिंगा झाल्या, एक रिजेक्शनचा रिपोर्ट वाचून झाला तरी डोक्यात तेच. नऊ वर्षं झाली मला अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या ह्या कोकोमोत. कुठल्या रस्त्यावर पहिला बर्फ साचतो ते मला माहितीये, मेथी संपली की इंडियानापोलिसला तासभर गाडी हाणायला लागते ते माहितीये, कुठल्या प्लांटची शिफ्ट कधी सुटते आणि मग कुठला सिग्नल तुंबतो ते पण माहितीये. पण हे गाव कोणाचं होतं हे विचारावंसं मला नऊ वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं, आणि बाबांना जेटलॅग उतरायच्या आत वाटलं.

आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच एकटे आले होते, २०२५ च्या मे महिन्यात. आधीच्या दोन्ही वेळा आई बरोबर होती, त्यामुळे सगळं लक्ष नात आणि स्वयंपाकघर ह्यातच. ह्या वेळी त्यांना काही उद्योग नव्हता. गावात एक ट्रॉली बस फिरते, फुकट, तिकीट नाही काही नाही, ती त्यांना दुसऱ्याच आठवड्यात सापडली आणि मग रोज दुपारी डोक्यावर टोपी घालून हा माणूस ट्रॉलीत बसून सगळं गाव पालथं घालायचा. संध्याकाळी मला रिपोर्ट. अमुक कारखान्याच्या पार्किंगमध्ये आज गाड्या कमी होत्या. तमुक ठिकाणी जुनी चिमणी आहे, विटांची, कोपऱ्यात पिंपळासारखं काहीतरी उगवलंय. बाबांनी आयुष्यभर तारापूर एमआयडीसीत फिटर म्हणून काढलं, शेवटी सुपरवायझर झाले, पण बघायची नजर फिटरचीच राहिली. कुठल्याही इमारतीकडे बघून ते आधी पाइपलाइन कुठून कुठे गेलीय ते शोधतात.

कोकोमो बघून त्यांना बोईसर आठवणं साहजिक होतं, म्हणजे दिसायला काहीच सारखं नाही. इथे रुंद रस्ते, मक्याची शेतं थेट बायपासला येऊन भिडलेली, लॉन, धुतल्यासारखं आकाश. पण साठ हजारांच्या आसपास वस्ती, आणि त्यातल्या बहुतेकांचं पोट शेवटी कुठल्या तरी शेडशी बांधलेलं. क्रायस्लर इथे १९३७ मध्ये आली, आता तिला स्टेलांटिस म्हणायचं, गिअरबॉक्स, ओतकाम, इंजिन सगळं इथेच. दुसऱ्या बाजूला डेल्को कंपनीची गाडीतल्या रेडिओपासून सुरू झालेली इलेक्ट्रॉनिक्सची परंपरा, ज्याच्या शेपटाला धरून माझ्यासारखे लोक आले. उन्हाळ्यात संध्याकाळी वारा एका ठराविक दिशेने आला की गरम धातूचा आणि कूलंटचा मिळून एक वास येतो, फार हलका, नवीन माणसाला कळणारही नाही. बाबा बाल्कनीत उभे होते, नाक वर केलं आणि म्हणाले, "अॅल्युमिनियम ओततायत." बोईसरला आम्ही वासावरून वार ओळखायचो. रात्री अकरानंतर कोण काय सोडतंय ते सगळ्यांना माहिती असायचं, आई उठून खिडक्या लावायची, आणि सकाळी नाल्याचा रंग कधी निळा, कधी वांग्यासारखा जांभळा. आम्ही पोरं पैज लावायचो रंगावर. आता आठवलं की कसंतरी होतं, पण तेव्हा मजा यायची हे खोटं कसं सांगू.

एका शनिवारी त्यांना हेन्सच्या म्युझियममध्ये नेलं. एलवूड हेन्स म्हणजे इथलं दैवतच. ४ जुलै १८९४ ला ह्या बाबाने गावाबाहेरच्या पंपकिनवाइन पाइक नावाच्या रस्त्यावर घोडा न लावलेली गाडी चालवून दाखवली, अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या मोटारींपैकी एक. गावाचं बिरुदच आहे, 'सिटी ऑफ फर्स्ट्स', आणि पहिल्या-पहिल्याची यादी एवढी की शेवटी डबाबंद टोमॅटो ज्यूसपर्यंत येते. बाबा गाड्यांपाशी फार थांबले नाहीत. पण एका कपाटापुढे एकदम खिळले. तिथे लिहिलं होतं की हेन्सने कोबाल्ट-क्रोमियमचा एक मिश्रधातू शोधला, नाव स्टेलाइट. "अरे हा तो स्टेलाइटवाला!" एवढ्या जोरात ओरडले की काउंटरवरच्या आजीबाई उठून आल्या. "आमच्या बॉयलरच्या व्हॉल्व्हला स्टेलाइटचं सीट असायचं. साधं सीट सहा महिन्यात कापलं जायचं वाफेनं. हे वर्षानुवर्षं हलत नाही." मग मला दुभाषा व्हायला लागलं. आजीबाईंनी सांगितलं की बायकोला न डागळणारे सुऱ्या-चमचे हवे होते म्हणून हेन्स ह्या मिश्रधातूंच्या मागे लागला अशी गोष्ट सांगतात. बाबा म्हणाले, बायकोचं ऐकलं की चांगलंच होतं. मग थोडा वेळ गप्प बसले आणि मीही काही बोललो नाही.

हे गाव वाढलं कशावर, तर गॅसवर. १८८६ मध्ये इथे जमिनीत नैसर्गिक वायू लागला आणि लोक अक्षरशः वेडे झाले. या मध्य इंडियानाच्या सगळ्या पट्ट्यात तेव्हा गॅसच्या मशाली रात्रंदिवस जळत ठेवायचे, दिवसासुद्धा, कारण विझवायचं कशाला, फुकटच तर आहे. फुकट गॅस, स्वस्त जमीन असं आमिष दाखवून काचेचे कारखाने आणले. त्यातला एक, १८८८ चा, अजून चालू आहे, रंगीत दुधी काच बनवतो, न्यूयॉर्कच्या टिफनीला इथून काच जायची. बाकी सगळं वीसेक वर्षांत आटोपलं, वायू संपला, मशाली विझल्या. बाबा हे ऐकून म्हणाले, "फुकट मिळालं की माणूस असाच करतो. आपल्याकडे पाण्याचं केलं." एवढंच. पुढे बोलले नाहीत, पण मला कळलं.

तर गावदेव.

मी शोधायला लागलो तो खरं तर बाबांना काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून. लंच ब्रेकमध्ये, सँडविच एका हातात धरून. आणि जे सापडत गेलं ते वाचून सँडविच तसंच राहायला लागलं. कोकोमो हे एका माणसाचं नाव आहे. मियामी जमातीचा माणूस. (फ्लोरिडातल्या मियामीशी ह्यांचा काही संबंध नाही, ते वेगळंच.) तो मुखिया होता म्हणतात, कोणी म्हणतं मुखिया कसला, साधा शिकारी, कोणी म्हणतं सात फूट उंच होता. नावाचा अर्थ कोणी काळा अक्रोड सांगतं, कोणी पाणबुड्या. गावाचा संस्थापक डेव्हिड फॉस्टर नावाचा व्यापारी, त्याने १८४४ मध्ये चाळीस एकर जमीन दिली आणि त्यावर गाव वसलं. त्याला विचारलं म्हणे हे असलं नाव का ठेवलंस, तर तो म्हणाला, दुनियेतलं सगळ्यात खत्रूड गाव, म्हणून सगळ्यात खत्रूड इंडियनचं नाव दिलं. म्हणजे नाव दिलं ते सुद्धा आदराने नाही, चेष्टेत. आणि ते चेष्टेतलं नाव आता पाण्याच्या टाकीवर, पोलिसांच्या गाडीवर, माझ्या लेकीच्या जन्मदाखल्यावर.

त्याहून एक गोष्ट मला जास्त लागली. कोकोमो ज्या काउंटीत येतं तिचं नाव आज हॉवर्ड. पण १८४४ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा तिचं नाव होतं रिचर्डव्हिल. हा रिचर्डव्हिल म्हणजे मियामींचा मोठा मुखिया, बाप फ्रेंच व्यापारी, आई मियामी, करारांच्या वाटाघाटीत मुरलेला माणूस, १८४१ मध्ये गेला. त्याच्या नावाची काउंटी फक्त दोन वर्षं टिकली. १८४६ मध्ये नाव बदललं, हॉवर्ड नावाच्या एका राजकारण्याचं दिलं. आणि १८४६ हेच ते वर्ष, ज्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मियामींना इथून उचललं. १८४० च्या करारात पाच वर्षांची मुदत दिलेली, ती संपली, लोक जाईनात, मग सैन्य आणलं. इथून उत्तरेला तीसेक किलोमीटरवर पेरू नावाचं गाव आहे, तिथून कालव्यातल्या होड्यांमध्ये तीनशेच्या वर माणसं बसवली, होड्या, मग आगबोटी, करत करत कान्ससला नेऊन सोडली. पुढे तिथूनही हलवून ओक्लाहोमाला. माणसं गेली, त्यांच्या मुखियाचं नाव पण त्याच वर्षी पाटीवरून गेलं. एकाच वर्षात दोन्ही कामं उरकली. ऑफिसातला माणूस म्हणून सांगतो, असली फाइल कोणीतरी फार नीट क्लोज केलेली असते.

आमच्याकडे एक शब्द आहे, प्रकल्पग्रस्त. लहानपणी तो मला आजाराचं नाव वाटायचा, कारण अमक्याचे वडील प्रकल्पग्रस्त आहेत असं लोक हळू आवाजात बोलायचे. अणुशक्ती केंद्राच्या तीन आणि चार नंबरच्या युनिटसाठी अक्करपट्टी, पोफरण ही गावं उठवली तेव्हा मी शाळा-कॉलेजच्या वयाचा होतो आणि माझी तक्रार एवढीच होती की मोर्च्यामुळे रिक्षा बंद. आम्ही स्वतः तिथले नव्हतो. आजोबा रत्नागिरीकडचे, बाबा नोकरीसाठी बोईसरला आले, चाळीत खोली घेतली, मग सोसायटीत ब्लॉक. आमच्या आधी तिथे कोण होतं ह्याचं उत्तर रोज सकाळी स्टेशनजवळच्या नाक्यावर उभं असायचं, मजुरीसाठी, बायका डोक्याला फडकं बांधून, पुरुष हातात थापी किंवा नुसतेच. वारली. स्टेशनच्या भिंतीवर वारली चित्रं, सोसायटीच्या कंपाउंडवर वारली चित्रं, तारपा वाजवणारा माणूस आणि भोवती गोल नाचणारे, एकदम पांढरेशुभ्र, आणि त्या भिंतीच्या सावलीत उकिडवे बसलेले खरे लोक, ठेकेदाराच्या टेम्पोची वाट बघत.

बाबांच्या कंपनीच्या मागच्या कोपऱ्यात वाघदेव होता. एक उभा लाकडी फळा, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य, सगळं शेंदराने माखलेलं, वरती पळसाचं झाड. प्लॉट पडला तेव्हा तो मधे आला. पहिल्या मालकाने भिंत घालताना सरळ रेघ सोडून तिथे भिंतीला कोपर काढलं, म्हणजे वाघदेव कंपाउंडच्या आतच राहिला पण वेगळा, एका छोट्या खोबणीत. वाघबारशीला वारली लोक यायचे, नारळ, कोंबडी घेऊन, मागच्या गेटने. मग कंपनी दुसऱ्याने घेतली, नवीन मॅनेजमेंट, नवीन सिक्युरिटी, आणि नियम निघाला की व्हिजिटर रजिस्टरमध्ये नोंद झाल्याशिवाय आत कोणी नाही. तेव्हा बाबा सुपरवायझर होते. वाघबारशीच्या दिवशी गेटवर सतरा-अठरा माणसं उभी आणि वॉचमन अडलेला, कारण रजिस्टरमध्ये एक रकाना असतो, 'कोणाला भेटायचे आहे'. बाबांनी पेन घेतलं आणि सतरा-अठरा वेळा लिहिलं, वाघदेव. शेजारच्या 'खाते' ह्या रकान्यात लिहिलं, मेंटेनन्स. खाली सही. मी तेव्हा डबा द्यायला गेलो होतो म्हणून हे मी डोळ्यांनी बघितलंय, नाहीतर मलाच खरं वाटलं नसतं. पुढे दर वर्षी तसंच. त्यांच्या खात्यात एक वारली हेल्पर होता, आम्ही त्याला मामा म्हणायचो, ज्या प्लॉटवर कंपनी उभी होती त्यातला काही तुकडा त्याच्या बापाने कसलेला. बावीस वर्षं तो कॉन्ट्रॅक्टवरच होता. बाबांनी दोनदा नाव पाठवलं परमनंटसाठी. "तिसऱ्यांदा पाठवायला पाहिजे होतं," असं ते इथे, कोकोमोत, भांडी पुसता पुसता म्हणाले, मी काही विचारलेलं नसताना.

मी त्यांना फॉस्टर, कोकोमो, रिचर्डव्हिल सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. त्या रिचर्डव्हिलचं त्यांच्या भाषेतलं नाव काय? मी परत शोधलं. पिन्शिवा. म्हणजे रानमांजर. बाबा सरळ होऊन बसले. "आणि तो ओढा काय रे, ट्रॉली ज्याच्यावरून जाते?" गावातून वाहणारा ओढा आहे, त्याचं नाव वाइल्डकॅट क्रीक. हायस्कूलच्या टीमचं नाव वाइल्डकॅट्स, स्पेलिंगमध्ये मुद्दाम के घातलेला. "रानमांजर म्हणजे वाघाचीच जात," बाबा म्हणाले, "मिळाला की तुझा गावदेव." मला हे जरा ओढूनताणून वाटलं, पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी काही बोललो नाही. लेकीला मात्र हे फार पटलं. ती दोन दिवस घरात रानमांजर होऊन फिरत होती.

मग एका रविवारी पेरूला गेलो. वाबाश नदीच्या काठी गाडी लावली. मियामी भाषेत तिचं नाव वापाह्शिकी सीपीवी, तळाशी चुनखडीचा दगड म्हणून पांढरी चमकणारी नदी. आम्ही गेलो तेव्हा पाऊस पडून गेलेला, पाणी चहासारखं, पांढरं काही दिसलं नाही. ज्यांना १८४६ मध्ये नेलं नाही, काही कुटुंबांना राहायची परवानगी मिळाली होती, त्यांचे वंशज अजून ह्या भागात आहेत, पेरूत त्यांच्या संघटनेचं ऑफिस आहे, पण १८९७ मध्ये वॉशिंग्टनने कागदावर त्यांना जमात मानणंच बंद केलं, ते आजतागायत. ओक्लाहोमाला गेलेल्यांना सरकार मानतं, इथे राहिलेल्यांना नाही. म्हणजे जातीचा दाखला गाव सोडणाऱ्याला मिळतो. बाबा म्हणाले, तलाठी सगळीकडे सारखाच.

भाषेचं तर अजून वेगळंच. मियामी बोलणारा शेवटचा माणूस विसाव्या शतकाच्या मध्याला कधीतरी गेला आणि भाषा मेली असं सगळ्यांनी धरून चाललेलं. मग त्यांच्यातलाच एक, डॅरिल बाल्डविन, जुन्या मिशनऱ्यांच्या वह्या, शब्दकोश, कागदपत्रं असल्या गोष्टींतून ती शिकला आणि घरी मुलांशी बोलायला लागला. आता ओहायोमधल्या मियामी युनिव्हर्सिटीत त्याचं केंद्र आहे, २०१६ मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. हे वाचलं त्या रात्री मी लेकीला झोपवत होतो आणि ती म्हणाली, बाबा आय डोन्ट लाइक धिस गोष्ट, टेल मी अनदर वन. मी दुसरी गोष्ट सांगितली. कुठल्या भाषेत ते विचारू नका.

आणि आता नोकऱ्यांचं, कारण सगळे शेवटी तेच विचारतात. पुण्याहून, चाकणहून, रांजणगावहून पोरं लिंक्डइनवर मेसेज टाकतात, दादा कोकोमोला स्कोप कसा आहे. रांजणगावला जीप बनते, तीच पालक कंपनी, त्यामुळे त्यांना कोकोमो हे नाव ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दिसत असतं. मी काय सांगू. डिसेंबर २००८ मध्ये फोर्ब्सने अमेरिकेतली सगळ्यात झपाट्याने मरणारी गावं म्हणून यादी काढली होती, त्यात कोकोमो तिसरं. पुढच्या वर्षी क्रायस्लर दिवाळखोरीत, काउंटीत दर पाच माणसांमागे जवळपास एक बेकार. माझा शेजारी, आजोबा क्रायस्लरमध्ये, वडील डेल्कोत, तो स्वतः तेव्हा ले-ऑफ झालेला, मग दोन वर्षांनी परत बोलावणं आलं. तो सांगतो की त्या हिवाळ्यात रस्त्यावरच्या अर्ध्या घरांपुढचा बर्फ कोणी काढलेला नव्हता, कारण घरात कोणी नव्हतंच. मग गाव परत उठलं. डाउनटाउन सजवलं, बेसबॉलचं स्टेडियम बांधलं, जुन्या रेल्वेलाइनवर सायकलचा रस्ता केला. २०२२ मध्ये स्टेलांटिस आणि सॅमसंगची बॅटरी फॅक्टरी जाहीर झाली, अडीच अब्ज डॉलर, चौदाशे नोकऱ्या, मग दुसरी पण. कोरियन लोक आले, एक दिवस किराणा दुकानात किमचीची आख्खी फळी लागली आणि बायको म्हणाली, आपण एवढी वर्षं आहोत, आपली फळी कधी लागली नाही.

आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये, बाबा यायच्या महिनाभर आधी, टॅरिफ लागले, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या असेंब्ली लाइन थांबल्या, तिथे जाणारे पार्ट थांबले, आणि मिशिगन आणि इथल्या प्लांटमधले मिळून नऊशे लोक तात्पुरते घरी. तात्पुरते. आमच्या ऑफिसात, मी नाव घेत नाही, तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी तीनला कोणाच्या तरी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग पडते आणि त्या माणसाचा मग शुक्रवारी टेबल रिकामा. इलेक्ट्रिकचं काम आम्ही करायचो, इलेक्ट्रिकची हवा थंडावली. मी पण मिशिगनला एक-दोन ठिकाणी बोलून ठेवलंय. बायकोला माहितीये, बाबांना सांगितलं नाही. शेजारी एकदा बिअर पिता पिता म्हणाला, बाहेरून माणसं आणतात आणि आमच्या पोरांना टेम्पररी ठेवतात. मग माझ्याकडे बघून ओशाळला, म्हणाला तुला नाही म्हणलं. मी म्हणलं, कळलं. खरंच कळलं होतं, आमच्या एमआयडीसीच्या गेटवर तोच बोर्ड असायचा, भूमिपुत्रांना नोकऱ्या मिळाल्याच पाहिजेत, आणि तेव्हा बाहेरून आलेले आम्हीच होतो. फक्त इथले भूमिपुत्र १८४४ नंतर आलेले.

एक गोष्ट बाबांना मी मुद्दाम सांगितली नाही. १९२३ च्या ४ जुलैला, हेन्सच्या गाडीच्या बरोबर एकोणतीस वर्षांनी, कोकोमोच्या पश्चिमेला एका पार्कात कु क्लक्स क्लॅनचा, म्हणजे काळ्यांचा आणि बाहेरच्यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचा, मेळावा भरला होता, हजारोंचा, आणि ते लोक काही चंद्रावरून आले नव्हते. बाबा त्या बाजूच्या ट्रॉलीने फिरायचे, रस्त्यात भेटेल त्याला हात करायचे, लोकही करायचे. म्हणलं राहू दे.

हायलंड पार्कमध्ये एक काचेची खोली आहे. आत दोन वस्तू. एक पेंढा भरलेला बैल, ओल्ड बेन, दोन हजार किलोंच्या पुढचा, डोळे काचेचे, अंगावरची केसं आता जरा विटलेली. आणि दुसरी म्हणजे सिकॅमोर झाडाचा बुंधा, आतून पोकळ, घेर सत्तावन्न फूट. लेक बैलाला चिकटलेली. बाबा बुंध्याकडे बघत राहिले. एवढं झाड वाढायला किती शतकं गेली असतील कोण जाणे, ते उभं होतं तेव्हा फॉस्टर नव्हता, हेन्स नव्हता, गॅस जमिनीतच होता. कधीतरी त्याच्या पोकळीत टेलिफोन बूथ पण केला होता म्हणे. बाबांनी काचेला हात लावला. मग म्हणाले, चल, आता त्याच्याकडे जाऊ.

त्याच्याकडे म्हणजे कोकोमोकडे. जुन्या दफनभूमीत, ओढ्याजवळ, त्याच्या नावाचा दगड आहे. गावात सांगतात की आरागिरणीचा पाया खणताना हाडं सापडली, हा कोकोमोच असं लोकांनी ठरवलं आणि आणून इथे पुरलं. खालचा तो कितपत खरा, माहीत नाही, पण वरचा दगड खरा आहे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, बाबांच्या परतीच्या फ्लाइटला पाच दिवस. मेपल पेटलेले, गवतावर ओल. कोणी नव्हतं. बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "रजिस्टर नाही का?" मग बूट काढले. मी म्हणलं बाबा ओलं आहे, मोजे भिजतील. त्यांनी मोजे पण काढले. खिशातून एक रुपया काढला, एवढे महिने तो खिशात कसा राहिला काय माहीत, दगडावर ठेवला, आणि हात न जोडता नुसते उभे राहिले, फिटर लोक मशीन चालू करून आवाज ऐकत उभे राहतात ना, मान किंचित वाकडी करून, तसे. परत येताना गाडीत पाय हीटरपुढे धरून बसले होते. म्हणाले, आपली कंपनी विकली गेली. प्लॉटवर आता गोडाऊन होणार, जुनी भिंत पाडून नवीन घालतायत. सरळ.

ते गेले. नोव्हेंबरात मी एकदा लंचमध्ये गाडी काढून तिकडे गेलो, का गेलो सांगता येणार नाही, त्या दिवशी गुरुवार होता. गवत कापलेलं, पानं ब्लोअरने उडवून एका बाजूला केलेली. रुपया नव्हता. दगडाच्या मागे बघितलं, खाली बघितलं, बुटाने पानं सरकवून बघितली.

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांनी लेकीशी बोलून झाल्यावर विचारलं, गेला होतास का तिकडे? म्हणलं, गेलो होतो.

"आहे ना रुपया?"

"आहे की." मग मी विचारलं, "आणि वाघदेव? भिंत झाली ना?"

मागे त्यांचा पंखा फिरत होता, गल्लीतून कसलीतरी गाडी गेली, त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"आहे की," बाबा म्हणाले.